बिझनेस गेममधलं उसनं सूत

नव्वदच्या दशकातला एक शुक्रवार… सुट्टीचा दिवस, म्हणून भिवंडीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद आणि आम्ही सगळे सुपरवायझर आणि लूम दुरुस्त करणारे जॉबर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये 'बिझनेस गेम' खेळायला बसलेलो. मुंबईहून एक ट्रेनर मॅडम आल्या होत्या. प्रत्येक टेबल म्हणजे एक कंपनी… सूत किती घ्यायचं, लूम किती चालवायचे, कापड काय भावाने विकायचं, सगळं टेबलावरच्यांनी मिळून ठरवायचं.

खेळ आपला नावाला. राहनाळ गावातल्या नव्या युनिटला मॅनेजर हवा होता आणि शेठ कोपऱ्यात खुर्ची टाकून सगळ्यांकडे बघत होते. ती जागा मला हवी होती… इतकी, की ती मलाच मिळणार असं घरी मी सांगूनही टाकलं होतं.

आणि माझ्याच टेबलावर कोण? माझ्यासारखाच सुपरवायझर, रफिक!

लूम बिघडला, बोलवा रफिकला. दोघांचं भांडण झालं, बोलवा रफिकला. टेक्सटाइलचा डिप्लोमा माझ्याकडे, पण आमचे जॉबर पांडेजीसुद्धा मला ओलांडून त्याच्याकडे जायचे. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या डब्यातल्या मच्छीवर सगळ्यांच्या उड्या… माझ्या बायकोचं सुकट काय वाईट होतं का? पण नाही.

तर गेममध्ये आम्ही पुढे होतो. माझ्यामुळे, हे मुद्दाम सांगतो. तेवढ्यात बाजूच्या टेबलाचं सूत संपलं आणि त्यांचा शिंदे, रोज कारखान्यात ओरडतो तसाच ओरडला, "रफिकभाई, थोडं सूत द्या ना उसनं!"

भिवंडीत हे नेहमीचंच. शेजाऱ्याचं सूत संपलं तर द्यायचं, त्याचा माल आला की तो परत करतो. पण गेममध्ये? मॅडमना हसू आवरेना. मी म्हणालो, "अजिबात नाय! कॉम्पिटिटर आहेत ते."

रफिकने एकेकाला विचारायला घेतलं… सकाळपासून गप्प बसलेल्या पांडेजींनाही. "देना चाहिए," पांडेजी म्हणाले. "बाजूवाले का लूम बंद, अच्छा नहीं लगता."

मग माझ्याकडे वळून रफिक म्हणाला, "दिलीप, तू का नको बोलतोस, ते सगळ्यांना सांग." मी तावातावाने सांगितलं आणि त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याचाही मला रागच आला.

"दिलीपचा मुद्दा बरोबर हाय," तो म्हणाला. "असंच नाय द्यायचं. पुढच्या राउंडला पहिलं आपलं सूत परत, हे कबूल करून घ्यायचं. चालेल?" सगळ्यांना चाललं. आता मलाही नाही म्हणता येईना.

शिंदेने सूत इमानाने परत केलं. पण त्याआधी, उसन्या सुताच्या राउंडलाच कापडाचा भाव चढला, त्यांनी धडाधड माल विकला… आणि ते जिंकले. आम्ही दुसरे.

खरं सांगू? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. रफिकमुळे हरलो आणि तेही शेठच्या डोळ्यांदेखत! राहनाळ आता माझंच, असं मी मनातल्या मनात पक्कं करून टाकलं.

शेठ उठले. कोण जिंकलं, कोण हरलं, काहीच बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "राहनाळला रफिकच्या हाताखाली काम करायला कोण कोण तयार आहे?"

भराभर हात वर गेले. जिंकलेल्या टेबलाचेसुद्धा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला… मी मान वळवून वळवून शोधत होतो, निदान एखादा तरी हात खाली असेल म्हणून.

तेवढ्यात पांडेजी माझ्या कानाशी वाकले. "दिलीपभाई, अब हाथ नीचे कर लो. शेठ ने देख लिया."

रफिक राहनाळला गेला आणि मी पुढे कितीतरी दिवस जळत राहिलो. आजही त्याचं नाव निघालं की पोटात थोडं दुखतंच… पण त्या दिवशी नकळत वर गेलेल्या माझ्या हाताला माझ्यापेक्षा जास्त अक्कल होती, त्याचे मनापासून आभार.