कापसाचा बोळा

ऑपरेशनच्या सकाळी मावशींच्या छातीत किरणोत्सर्गी औषधाचं इंजेक्शन दिलं, तेव्हा मी शेजारी उभी होते. नगरच्या रुग्णालयात माझं कामच ते. औषध स्तनातल्या गाठीपासून काखेकडे सरकतं आणि काखेतल्या पहिल्या ग्रंथीत अडकतं. कर्करोग पसरला तर तोही आधी तिथेच पोचतो. ऑपरेशनच्या वेळी जाड पेनासारखा एक प्रोब किरणं टिपून वाजतो आणि ती ग्रंथी दाखवतो. तेवढीच काढून तपासायची. ती स्वच्छ निघाली तर बाकीच्या राहतात आणि हात कामाचा राहतो.

मावशी पाथर्डीकडच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या. मी कोपरगावची. उसाचे फड मी इंग्रजी शाळेच्या बसमधून पाहिले. उतरले कधीच नाही.

"ताई, हात ऱ्हाईल ना? दिवाळीनंतर तोडीला जायाचंय."

"प्रयत्न करू."

"हात ऱ्हाऊ द्या," दारातून त्यांचा नवरा म्हणाला, "जमलं तर जीभ काढा. लई चालती."

"तुमी गप बसा," मावशी हसल्या.

सुईच्या जागी औषधाचा थेंब आला. मी कापसाचा बोळा दिला, दाबून धरा म्हटलं, आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

दुपारी ऑपरेशन करणाऱ्या सरांनी काखेवर प्रोब टेकवला, तर तो जिथे तिथे वाजू लागला.

"हे तर सगळीकडेच बोंबलतंय!"

या नको असलेल्या आवाजाला आम्ही बॅकग्राउंड म्हणतो. बहुतेकदा तो इंजेक्शनच्या जागेवरून येतो, म्हणून सिस्टरनी तिथे शिशाची चकती ठेवली. सरांनी प्रोबला शिशाची टोपी चढवली, कोन बदलून पाहिला. आवाज कमी होईना. औषध कातडीलाच लागलं होतं. काख साबणाने धुतली, पुन्हा धुतली. थोडा उतरला, पुरेसा नाही.

मी किरणं मोजायचं मीटर घेऊन कपडे बदलायच्या खोलीत गेले. मावशींच्या ब्लाउजजवळ काटा उसळला. काखेच्या बाजूला, बायका चिल्लर ठेवतात तिथे, तो बोळा नीट घडी करून खोचलेला होता.

सरांनी छेद घेऊन बराच वेळ शोधलं. मदतीला टोचलेला निळा रंगही काखेत कुठे दिसेना. शेवटी ते म्हणाले, "मिळत नाही. सगळ्या काढू." ग्रंथी सापडली नाही तर नियम तोच आहे.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात मी त्यांना बोळ्याचं विचारलं.

"फरशी लई चकचकीत, ताई. कुठं टाकनार?" मग जरा घाबरून, "का वो? लागत हुता का तुमाला?"

"नाही, मावशी."

इंजेक्शनच्या खोलीत पायाने उघडायची कचऱ्याची बादली दाराआड असते. ती त्यांना दिसण्यासारखी नव्हतीच.

आठवड्याने रिपोर्ट आला. काढलेल्या सगळ्या ग्रंथी स्वच्छ होत्या. एकीतही काही नव्हतं. सरांनी दोघांना समजावलं: या हाताने ओझं नाही, सुजू शकतो, कापू द्यायचा नाही, खरचटू द्यायचा नाही. उसाच्या पातीने हाताचं काय होतं, हे सरांनी विचारलं नाही.

तोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता.

"म्हंजी अर्धा कोयता," नवरा जमिनीकडे बघत म्हणाला.

"मंग बघा दुसरी जोडीला," मावशी म्हणाल्या. "बिनजिभेची."

या वेळी कोणी हसलं नाही. मावशींनी डाव्या हाताने उजवा उचलला आणि उशीवर ठेवला.

"काखंतल्या गाठीत कायच न्हवतं ना, ताई?" त्यांनी मला विचारलं. "मंग ह्यो का गेला?"

मी सलाईनची नळी तपासायला घेतली. ती बंदच होती.