बागांच्या कंपनीतला लझर

फॉस्फेटच्या खाणीची धूळ आमच्या गावात चहातही उतरते, तिथे झाड कसलं जगतंय? तरी लझरला पगार झाडं लावण्याचा. खाणीत यंत्रं आली, माणसं घरी बसली, पोरांनी रुळांवर ठाण मांडून मालगाड्या अडवल्या. मग सरकारने सगळ्यांना गप्प करायला बागांची कंपनी काढली. बाग नाही, रोप नाही, पगार मात्र वेळेवर.

बाकीचे निवांत पत्ते कुटायचे. लझर रोज खांद्यावर कुदळ टाकून ताठ मानेने निघायचा, टेकडीमागे सावलीत झोपायचा आणि परतताना पँटला माती चोळायचा. बायको मबरूका ती माती मुकाट्याने धुवायची. दूर स्फाक्स शहरात शिकणारी लेक सल्वा तेवढी बापाच्या झाडांचं कौतुक सांगत फिरायची.

आपल्या मुलासाठी तिला मागणी घालायला तिकडचे ऑलिव्ह बागायतदार हाजी बूबकर आले. जेवणात कुसकुस हाणून झाल्यावर म्हणाले, “व्याहीबुवा, आता तुमची झाडं दाखवा.”

लझरने घाबरून घरासमोरच, शाळेपुढच्या निलगिरींकडे बोट केलं. हाजींनी जाऊन एका खोडाला मिठी मारली. हात काही एकमेकांना पोचेनात.

“वा! पाळण्यातून उतरल्या उतरल्याच लावलीत वाटतं.”

अख्खी गल्ली खिडक्यांत होती. अख्खी गल्ली हसली.

लझरचा चेहरा उतरला. “खोटं बोललो, हाजी. एक झाड लावलेलं नाही. खाणीत होतो तेव्हा दमून जेवायचो, आता जेवताना लाज वाटते. सोयरीक मोडायची तर मोडा.”

“मोडायची कशाला? माझं पोरगं पदवी घेऊन घरी लोळतंय, बागेत पाऊल टाकत नाही. त्याला तुमच्या कंपनीत चिकटवा. याच उन्हाळ्यात लग्न उरकू.”

चहाचं तबक घेऊन बाहेर आलेली सल्वा मागेच उभी होती. लझरला ठाम नाही म्हणायचं होतं. पण लेकीचा जीव त्या मुलावर, हे त्याला ठाऊक होतं. मान खाली घालून तो म्हणाला, “बघतो.”

“बाबा, त्यालाही असंच बसवणार?” सल्वा म्हणाली.

लझरला तिच्याकडे बघवेना.

गल्लीतल्या खिडक्या एकेक करून लागल्या. अर्ध्या घरांचा पगार त्याच कंपनीतून येतो. हसायला तोंड कुणाला होतं?