शालू काळा नव्हता

आमच्या तरंगबाईंना कुणी सहज विचारलं, "बाई, हा रंग कोणता?" तरी सरळ उत्तर मिळत नसे. "कोणत्या उजेडात?" हा त्यांचा उलटा सवाल ठरलेला. गल्लीतली भाजीवाली तर हात जोडायची. "बाई, वांगं हाय, जांभळं हाय. घ्यायचं तर घ्या!"

नांदेडच्या एका कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि माझ्या शेजारी राहायच्या. तरंगबाई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. वर्गात त्या बैलाचा कासरा घेऊन जात. एक टोक विद्यार्थ्याच्या हातात, दुसरं स्वतःच्या. हळू हलवला की दोरीत लांब लाट उठे. "ही लाल." मग हात भराभर चाले, लाटा आखूड होत. "ही हिरवी... आणि आता दम लागला, म्हणजे जांभळी!" उजेड म्हणजे लाटा, लाटेची लांबी बदलली की रंग बदलतो, आणि वस्तू जी लाट परत पाठवते तो तिचा रंग, एवढंच त्यांचं सांगणं. आम्ही शेजारी हसायचो.

माझं हसणं थांबलं ते चाकूरला, भाच्याच्या लग्नात. नवरीचा हिरवा शालू मी मामा म्हणून नांदेडहून घेतला होता. दुकानदार चाचा आमचे वडिलांपासूनचे. लग्नालाही आले होते. मुहूर्त गोरज, पण वरात नाचण्यात रमली आणि अंधार पडला. मैदानावर रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे लावलेले. नवरी मांडवात आली आणि बायकांत कुजबुज सुरू झाली, "अगं बाई, काळं नेसवलंय पोरीला!"

खरंच, शालू काळा दिसत होता. नवरीचे वडील उठून उभे राहिले. "माझी लेक काळं नेसून बोहल्यावर चढणार न्हाई. वऱ्हाड घेऊन माघारी जा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घाबरलो आणि बोलून गेलो, "चाचांनी फसवलं." चाचा एवढंच म्हणाले, "मामा, दुकान के बाहर धूप में दिखाया था ना." आणि खाली बघत बसले.

तेवढ्यात, शेजारी म्हणून आमच्या वऱ्हाडात आलेल्या तरंगबाई खुर्चीवर चढल्या. "ते पिवळे दिवे बंद करा! डीजेवाल्या, तुझा पांढरा फोकस नवरीवर फिरव."

"बाई, आता नाच कशाचा?"

"फिरव म्हणते ना!"

क्षणभर मिट्ट काळोख झाला. मग फोकस पडला आणि शालू पावसानंतरच्या ज्वारीसारखा हिरवागार पेटला. मांडवभर ओरडा झाला. बाई खुर्चीवरूनच सांगत होत्या, "त्या पिवळ्या दिव्यात हिरव्या लाटा नावालाच. दिव्यानं त्या दिल्याच नाहीत, तर शालू परत काय पाठवील? कापड खरं आहे, दिवा दरिद्री आहे!"

नवरीची आजी पदर पसरून पुढे आली. "माझं लुगडं बी बघा की ओ, बाई." मग निम्म्या बायका फोकसखाली रांगेत उभ्या राहिल्या. भटजी ओरडले, "अहो, आधी लग्न लावू द्या!" नवरीच्या वडिलांनी चाचांना पुढे आणलं, टॉवेल-टोपीचा पहिला आहेर त्यांना केला, आणि वाजंत्री अशी वाजली की अक्षता पडल्या तरी थांबेना.

पण चाचांनी फसवलं असं कोण म्हणालं, हे त्या गोंधळात हरवलं. पुढे मी हा किस्सा शंभर ठिकाणी सांगितला असेल, आणि दर वेळी 'कुणीतरी म्हणालं' असंच सांगितलं.

परवा बाई निवृत्त झाल्या. लातूरला लेकीकडे राहायला निघाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात शेजारी म्हणून मला बोलायला लावलं. चाचा पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. चाकूरचा किस्सा निघाला, आणि त्या एका वाक्यापाशी मी अडखळलो. मग म्हणालो, "चाचांनी फसवलं असं म्हणणारा मीच. आज सगळ्यांसमोर माफी मागतो."

चाचांनी मान वर केली.

"मालूम था, मामा. पूरे मांडव ने सुना था. अब बैठो मत, बाई के बारे में बोलो!"

बाई खळखळून हसल्या. त्यानंतर मी त्यांच्याविषयी इतक्या मोकळ्या आवाजात बोललो, की जन्मात कधी तसा बोललो नव्हतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि सगळ्यांत जोरात वाजत होती ती चाचांची काठी.