वॉचडॉगची प्रॉक्सी

सोनवणे सर राजीनामा देऊन गेले आणि चौथ्या दिवशी त्यांच्या कोडचं डॉक्युमेंटेशन माझ्या गळ्यात पडलं. राजीनामा म्हणायचा, खरं तर लिहून घेतला होता. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. सिन्नरच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी राउटर बनवायची. पेठच्या एका पतसंस्थेतला राउटर सारखा हँग व्हायचा. दिवे चालू, काम बंद. खापर फुटलं सरांच्या वॉचडॉगवर.

वॉचडॉग म्हणजे चिपमधलं उलटं मोजणारं घड्याळ. प्रोग्रॅमने ते दर दोन सेकंदांच्या आत मागे फिरवायचं. प्रोग्रॅम अडकला की घड्याळ शून्यावर येतं आणि राउटर आपोआप रीस्टार्ट होतो. सरांनी त्यावर छान युक्ती केली होती. प्रोग्रॅमच्या प्रत्येक भागाने आधी हजेरी लावायची, सगळे हजर असले तरच घड्याळ मागे फिरवायचं. फंक्शनचं नावच त्यांनी 'हजेरी' ठेवलं होतं. आम्ही त्यांना हेडमास्तर म्हणून चिडवायचो.

डॉक्युमेंटेशन हाती घेतल्यापासून तिसऱ्या दिवशी लिहिता लिहिता मी थांबले. डेटा पाठवणाऱ्या भागाची हजेरी भलतीकडूनच लागत होती, कॉलेजात प्रॉक्सी मारतात तशी. तो भाग अडकला तरी हजरच दिसणार, म्हणजे राउटर रीस्टार्ट होणारच नाही. ओळीपुढे माझी आद्याक्षरं होती.

मग सगळं आठवलं. क्लायंटला डेमो द्यायचा होता. तो भाग फार वेळ घ्यायचा, राउटर मध्येच रीस्टार्ट व्हायचा. एका दिवसापुरती म्हणून ती ओळ मी टाकली होती. काढायची साफ विसरले.

प्रिंट घेऊन कुलकर्णी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी दोनदा वाचलं.

"दुरुस्त कर आणि नवीन व्हर्जन पाठव. कुणाचं नाव लिहू नकोस."

"आणि सोनवणे सर?"

"त्यांना काढल्याचं क्लायंटला कळवून झालंय. आता कुठल्या तोंडाने परत बोलवायचं?"

मी वाद घातला नाही. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. आणि त्याचीच लाज वाटली.

रविवारी देवळाली कॅम्पला सरांच्या घरी गेले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडे कोण घेणार होतं? ते बनियनवर बसून अर्ज लिहीत होते. काकूंनी चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. सर रागावले असते तर बरं झालं असतं.

"डॉक्युमेंटमध्ये लिहिलंस हे?" त्यांनी विचारलं.

"नाही. साहेब नको म्हणाले."

"मग मला कशाला सांगायला आलीस?"

मी चहा संपवला आणि उठले.

नवीन व्हर्जन गेलं. पेठहून परत तक्रार आली नाही. सरांना नोकरी लागली की नाही, हे विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही. आता नव्या मुलांना शिकवताना मी एक गोष्ट बजावते: तात्पुरती ओळ टाकली तर त्याच दिवशी काढायची. राहिली तर काय होतं, असं कुणीतरी विचारतंच.

राउटर हँग होतो, एवढंच सांगते.