आयोडेटची परीक्षा

मी औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात शिकवतो. कॉलेज पेरुंगुडीच्या पुढे, घर अड्यारमध्ये. कराडकडचा माणूस इथे, तमिळ मुलखात, आला त्याला वीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत पहिल्या वर्षाच्या मुलांना पोटॅशियम आयोडाइड किती वेळा करायला लावलं, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. कृती मात्र झोपेतून उठवलं तरी सांगेन. पोटॅशच्या गरम द्रावणात आयोडीन थोडं थोडं टाकत जायचं. फिकट पिवळा रंग टिकला की थांबायचं. आता भांड्यात दोन क्षार असतात, आयोडाइड आणि आयोडेट. आपल्याला पहिला हवा असतो, दुसरा नको. म्हणून पाणी आटवायचं, उरलेल्या चुऱ्यात कोळशाची पूड मिसळायची आणि मुशीत लालसर होईपर्यंत भाजायचं. कोळसा आयोडेटमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि त्याचंही आयोडाइड होतं. मग गरम पाण्यात विरघळवून, गाळून, स्फटिक पाडायचे. छान पांढरे चौकोनी स्फटिक पडतात.

सगळं अवलंबून असतं त्या भाजण्यावर, आणि नेमकं तेच आमच्याकडे होत नाही. प्रॅक्टिकल तीन तासांचं, बर्नर कमी, वर प्रयोगशाळेतली उकड. कॉलेजची बस ठरल्या वेळेला सुटते. मुशी जेमतेम तापते तोच मी सांगतो, "पुरे, उतरवा." शेवटी आयोडेटची परीक्षा घ्यायची असते. चिमूटभर क्षार पाण्यात विरघळवून त्यात स्टार्च आणि पातळ आम्ल टाकायचं. आयोडेट असेल तर तत्क्षणी निळं होतं. मुलं वहीत लिहितात, "आयोडेट: आढळले नाही." मी सही करतो. परीक्षा कुणी घेतलेली नसते. मी बघितलेलीही नसते.

मुलांनी केलेला हा माल आम्ही एका मोठ्या बरणीत जमा करतो आणि पुढच्या वर्षीच्या टायट्रेशनला, थेंबाथेंबाने करायच्या मोजमापांना, वापरतो. त्यात दर वर्षी थोडी चूक येते, ती आम्ही वजा करून टाकतो. ती चूक आयोडेटची आहे हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. विकत घेतलेल्या शुद्ध क्षाराच्या सीलबंद बाटल्याही कपाटात असतात, पण त्या फोडायच्या नाहीत असा अलिखित नियम. तपासणीला माणसं येतात तेव्हा कपाट भरलेलं दिसावं लागतं.

एवढं सांगून आता अक्कांकडे येतो.

आमच्या इमारतीत, आमच्या खाली दुसऱ्या मजल्यावर, एक बाई एकट्या राहतात. तंजावरकडच्या मराठी घरातल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणतो. त्यांची मराठी ऐकली की मला जुनी पोथी कुणीतरी तमिळ चालीत वाचतंय असं वाटतं. मला त्या 'तंबी' म्हणतात, धाकटा भाऊ. इथे आलो तेव्हा घराबाहेर मराठी बोलायला मला एवढंच एक माणूस होतं.

गेल्या वर्षी त्यांनी डोंगरावरच्या एका रोपवाटिकेतून गुलाबाची रोपं मागवली. मुळांना ओलं शेवाळ गुंडाळलेलं होतं. ते सोडवताना उजव्या हाताच्या बोटात काटा घुसला. महिन्याभरात तिथे गाठ आली, फुटली, आणि मग मनगटापासून कोपरापर्यंत एका रेघेत गाठी उठल्या. बरेच डॉक्टर झाले. शेवटी एका मोठ्या दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी गाठीतला तुकडा तपासायला पाठवला. निदान निघालं, बुरशी. मातीतली, शेवाळातली.

अक्कांचा मुलगा परदेशात, म्हणून सोबत मी होतो. डॉक्टर तमिळमध्ये म्हणाले, "याच्यावर गोळ्या आहेत, पण यांना तीन वर्षांपूर्वी हार्ट ॲटॅक येऊन गेलाय. हृदय कमजोर आहे. त्या गोळ्या मी टाळतो. एक जुनं औषध आहे, पोटॅशियम आयोडाइडचं संपृक्त द्रावण. थेंब थेंब घ्यायचं, दुधातून, रोज थोडं वाढवत. पण हल्ली दुकानात मिळत नाही. कुणाकडून करून घ्यावं लागेल."

अक्का माझ्याकडे बघून हसल्या. "कां रे तंबी, तूं दररोज हेंच करतोस नव्हे?"

मी हो म्हणालो. किती सहज म्हणालो ते आजही आठवतं.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. सीलबंद बाटली हातात घेतली. फोडायची तर प्राचार्यांची सही लागणार, कारण द्यावं लागणार, आणि तपासणी आली होती तोंडावर. मी बाटली जागेवर ठेवली आणि बरणीतला माल घेतला. वजन अगदी काटेकोर केलं. एका मिलिलिटरला एक ग्रॅम. हा क्षार विरघळताना भांडं गार पडतं, बोटांना तो गारवा कळला. द्रावण दोनदा गाळलं, उजेडाने पिवळं पडू नये म्हणून तपकिरी बाटलीत भरलं, सुवाच्य अक्षरात लेबल लावलं. आयोडेटची परीक्षा घेतली नाही. दोन मिनिटांचं काम होतं. विसरलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी विसरलो नव्हतो. निळं झालं तर सही मागायला जावं लागेल, हे मनात येऊन गेलं होतं.

बाटली बघून बायको म्हणाली, "चहा करायला सांगितला तर साखर विसरता, आणि लोकांना औषधं करून देता?" आम्ही दोघं हसलो.

पहिले काही दिवस ठीक गेले. थेंब वाढले तशी अक्कांच्या पोटात आग सुरू झाली. दूध घेतलं की पंधरा मिनिटांत उलटी. या औषधाने तोंडाला धातूची चव येते, नाक गळतं, पोटही बिघडतं, हे पुस्तकात आहे. मी त्यांना पुस्तकातलं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तूं केलेलें आहे, म्हणजे चांगलेंच असणार. माझेंच पोट नाजूक." आणि नेटाने घेत राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांना जिना चढवेना.

मी पुन्हा त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, सुस्कारा सोडला आणि फाइलवर लिहिलं की हे औषध रुग्णाला सोसत नाही. "आता त्या गोळ्यांना पर्याय नाही. पायाला सूज आली, दम लागला, तर लगेच या."

मी शेजारच्या खुर्चीवर होतो. पोटात आम्ल असतं, हे मी मुलांना शिकवतो. आयोडाइड, आयोडेट आणि आम्ल एकत्र आलं की मोकळं आयोडीन सुटतं, हेही शिकवतो. नळीत निळं होतं ते त्यानेच. म्हणजे जी परीक्षा मी नळीत घेतली नव्हती, ती दिवसातून तीनदा अक्कांच्या पोटात होत असावी. हे सगळं त्या खुर्चीवर मला स्पष्ट दिसलं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही?" मी मान हलवली. नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत, मुलं यायच्या आधी, अक्कांकडून परत आणलेल्या बाटलीतले थेंब नळीत घेतले. स्टार्च टाकला. आम्लाचा पहिला थेंब पडताच नळी निळी झाली. गडद, शाईसारखी. मी ती बेसिनमध्ये ओतली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

मग आठ दिवस मी काहीच बोललो नाही. स्वतःला काय काय समजावलं! शुद्ध असतं तरी त्यांना सोसलं नसतं कदाचित. गोळ्या सुरू झाल्याच आहेत, लागू पडतील. आता सांगून काय होणार? रोज सकाळी त्यांच्या दारावरून उतरताना मी पावलांचा आवाज होऊ देत नव्हतो. थकायला झालं होतं. काम तेवढंच होतं, बसचा प्रवास तोच होता, पण संध्याकाळी घरी आलो की बूट काढायचंही त्राण नसायचं.

नवव्या दिवशी सकाळी अक्का जिन्यात भेटल्या. तिसऱ्या पायरीवर कठडा धरून उभ्या होत्या. त्यांच्या चपलेचा पट्टा पायात रुतला होता, दोन्हीकडून मांस वर आलं होतं.

"अक्का, पाय सुजलेत."

"वयाचा पाय रे. उन्हाळा. तूं जा, बस चुकेल तुझी."

बस चुकवली. त्यांना घरात नेऊन बसवलं आणि सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बरणीपासून निळ्या नळीपर्यंत. मध्ये रसायनशास्त्र फार यायला लागलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

"इरु, इरु. थांब. शुद्ध औषध कपाटांत होतें?"

"हो."

"आणि तूं मला शिळें दिलेंस."

"हो."

"डॉक्टरपुढे तुला ठाऊक होतें?"

"संशय होता. दुसऱ्या दिवशी खात्री झाली."

"दुसऱ्या दिवशीं." त्यांनी बोटांवर मोजलं. गणिताच्या बाई. "आठ दिवस. आठ दिवस मी ही गोळी गिळत्यें, आणि तूं वरती जेवतोस, झोपतोस, टीव्ही बघतोस."

मी माफी मागायला लागलो. त्या म्हणाल्या, "माफी नको मला. ऑटो बोलाव."

दवाखान्यात नंबर लागला तेव्हा आत शिरल्या शिरल्या डॉक्टरांना तमिळमध्ये म्हणाल्या, "हा काय म्हणतो तें ऐका आधीं. माझे पाय मग बघा."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी बाहेर माणसं ताटकळत होती, दार अर्धवट उघडं होतं आणि नर्सही ऐकत होती. डॉक्टर ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही मुलांना शिकवता?" मी हो म्हणालो. त्यांनी गोळ्या बंद केल्या, सूज उतरण्याचं औषध दिलं, हृदयाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी लिहिली. मग फाइल उलटी केली, आधीच्या वाक्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, "औषध अशुद्ध होते. शुद्ध द्रावणाने पुन्हा सुरुवात." मला म्हणाले, "या वेळी सील फोडा."

फोडलं. प्राचार्यांकडे गेलो, कारण सांगितलं, खरं तेच. त्यांनी सही केली. तपासणीपर्यंत नवी बाटली मागवा, एवढंच म्हणाले.

अक्कांनी नवं औषध तसं घेतलं नाही. म्हणाल्या, "माझ्यापुढें कर परीक्षा." त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मी नळ्या मांडल्या. स्टार्च म्हणून त्यांनी भाताची पेज गाळून दिली. आम्ल मी नेलं होतं. आधी जुन्या बाटलीतला थेंब दाखवला. पेज निळीकाळी झाली. अक्का तोंडावर पदर धरून बघत राहिल्या. "हें माझ्या पोटांत?" मग नवं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं आणि सेकंद मोजले. तीस झाले, पेज पांढरीच राहिली. "अजून एकदा," त्या म्हणाल्या. दर नव्या बाटलीला हे असं झालं, आणि मी एकदाही कंटाळा दाखवला नाही. दाखवायचा मला हक्क नव्हता.

पोटात थोडं मळमळे, पण उलटी झाली नाही. दोन महिन्यांत कोपराकडच्या गाठी बसल्या, चौथ्या महिन्यात बोटाची जखम भरली. पायांची सूज उतरली. जिना चढताना मात्र त्या अजून दुसऱ्या मजल्याआधी थांबतात. पूर्वी थांबत नसत. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, वय आहे, त्या गोळ्यांनीच झालं असं सांगता येणार नाही. नाही असंही ते म्हणाले नाहीत.

दवाखान्यात महिन्याला एकदा जायचं असे. दर वेळी आधी एखादा नवीन, शिकाऊ डॉक्टर फाइल चाळायचा, त्या खोडलेल्या ओळीवर थबकायचा आणि विचारायचा, "औषध अशुद्ध होतं म्हणजे?" अक्का हनुवटीने माझ्याकडे दाखवायच्या. "ह्याला विचारा." आणि मी सांगायचो. तमिळमध्ये, अडखळत, कधी इंग्रजीचा आधार घेत. एकीने तर वहीत लिहून घेतलं. सांगून सांगून सोपं होईल असं वाटलं होतं. नाही झालं.

शेवटच्या भेटीला मोठे डॉक्टर स्वतःच होते. त्यांनी हात चाचपला, कोपर वाकवून बघितलं आणि म्हणाले, आणखी महिनाभर थेंब घ्या, मग बंद. फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. मी वाक्य तयार करून बसलो होतो.

बाहेर बाकावर आम्ही ऑटोची वाट बघत होतो. ऊन होतं. अक्का बरा झालेला हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"आज कुणीं विचारलें नाहीं तुला," त्या म्हणाल्या.

"नाही."

"बरें वाटलें?"

मी खरं सांगितलं. "हो अक्का. वाटलं."

त्यांनी मान वळवून रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "सरी, बरें. मग आज मला सांग. ऑटो येईतों वेळ आहे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या चेष्टा करत नव्हत्या, रागावलेल्याही दिसत नव्हत्या. शाळेत पाढा म्हणून घेताना बसत असतील तशा नीट बसल्या होत्या. मी बरणीपासून सुरुवात केली.