ड्रमवाला जिथे चुकतो

बँडवाल्यांना वाद्य कुठलंच वाजवता येत नव्हतं. शीळ घालायला गेले तरी नुसती हवा निघायची. पण इमारतीत, कारखान्यात आणि सासरच्या माणसांत त्यांचं नाव बँडवालेच पडलं होतं. लग्न ठरत होतं तेव्हा कोणीतरी सासूबाईंच्या कानात सांगितलं, मुलाला बँडचं फार वेड आहे. त्या माउलीला वाटलं, जावई लग्नांमधून पिपाणी वाजवत हिंडतो. "वाजवू दे," त्या म्हणाल्या, "हाताला काम आहे ना!"

खरी गोष्ट निराळीच होती. ऐन विशीत बँडवाल्यांनी जुन्या बाजारातून एक टेपरेकॉर्डर घेतला. त्याच्या पोटात आधीच्या मालकाची कॅसेट राहून गेली होती. वर नाव नाही, गाव नाही. घरी येऊन बटण दाबलं आणि खोलीत जणू भांड्यांचं कपाट कोसळलं. विलायतेतल्या चार पोरांचा तो बँड. दोन गिटारी, एक ड्रम, आणि गाणारा असा ओरडतोय, की जणू जिन्यात पाय अडकून पडलाय आणि कोणी उचलायला येत नाही. पंक म्हणतात त्याला, हे पुढे न्हाव्याच्या दुकानातल्या एका जुन्या मासिकात कळलं. टेपवर सारखी ओरडली जाणारी ओळ तिथे छापलेली होती, तिच्यावरून बँडचं नावही कळलं आणि बँड फुटून वर्षं झाली, हेही त्याच पानावर. म्हणजे वरातीमागून घोडंच. त्या दिवशी अर्धीच दाढी करून घेऊन ते घरी आले होते, असं त्यांची बायको सांगायची. तिचं अर्धं खोटं धरलं तरी अर्धं खरंच असणार.

दिसायला माणूस म्हणाल तर अगदी नाकासमोर चालणारा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, चापून बसवलेले केस. काम बाटल्यांच्या कारखान्यात. धुतलेल्या काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून एकीला एक लागून खणखणत यायच्या, पांढऱ्या दिव्यापुढून जायच्या, आणि बँडवाले स्टुलावर बसून तडा गेलेली, टवका उडालेली बाटली उचलून बाजूला टाकायचे. आयुष्यभर हेच. बाटली फुटली की घंटा व्हायची, पट्टा थांबायचा, साहेब धावत यायचा आणि कोण चुकलं याचा पंचनामा सुरू व्हायचा.

कॅसेटवरचा बँड मात्र थांबत नसे. ती टेप कुठल्याशा हॉलमध्ये कोणीतरी गर्दीत उभं राहून भरलेली होती. पहिल्याच गाण्यात, गाणारा दुसऱ्यांदा किंचाळतो त्यानंतर, ड्रमवाल्याचा हात चुकतो. एक ठोका गळतो. सगळं गाणं एका पायावर लंगडतं, आणि तसंच लंगडत पुढे पळतं. कोणी वळून बघत नाही, कोणी घंटा देत नाही. बँडवाले त्या जागेची वाट बघत बसायचे. आली की म्हणायचे, "चुकला," आणि जग जागेवर आल्यासारखे पाठ टेकायचे.

इंग्रजी त्यांना यथातथाच. मुलगी कॉलेजात गेली तेव्हा तिला त्यांनी एकदा शेजारी बसवून विचारलं, "काय गं म्हणतोय हा?" तिने तोंड वाकडं करत ऐकलं. "बाबा, म्हणतोय कंटाळा आलाय, काम मिळत नाही आणि घरमालक हलकट आहे."

"बघ," बँडवाले म्हणाले, "मला वाटलंच होतं."

बायकोच्या लेखी हे सगळं म्हणजे गोंगाट. कामावरून आले, चहा झाला की टेप लागायची. ती स्वयंपाकघरात असायची. लगेच कधी काही बोलायची नाही. थोड्या वेळाने हात पुसत बाहेर यायची, "पुरे आता तुमचा गोंगाट" म्हणायची आणि ओल्या बोटांनी बटण पिळून आवाज खाली आणायची. ती आत गेली की बँडवाले केसभर वर करायचे. तिला कळायचं, यांनाही माहीत असायचं की तिला कळलंय. संसार दुसरा काय असतो!

दोन वर्षांपूर्वी ती गेली. मुलगी लग्न होऊन परमुलखात. बँडवाले निवृत्त. दिवसाकाठी दूधवाल्याशी जे चार शब्द होत तेच बोलणं, आणि तेही आताशा तीनवर आले होते, कारण दूधवाला काय विचारतो ते ऐकू येईना. बाटल्यांनी कान खाल्ले होते. बारीक, धारदार आवाज आधी गेले. घड्याळ गेलं, दाराची घंटा गेली. टेपवरच्या ड्रमच्या झांजा कधी गेल्या ते कळलंच नाही. नुसता धपधपाट उरला, शेजारच्या घरी गादी झोडपत असावेत तसा. आणि एका संध्याकाळी ड्रमवाला चुकला, की नाही, तेच त्यांना समजेना. टेप मागे घेतली, पुन्हा लावली. पुन्हा मागे. कान लावून बसले. ती जागाच सापडेना.

त्या रात्री जेवण गेलं नाही. माणसं गेली तरी निदान हे चौघे तरी संध्याकाळी न चुकता घरी येत होते. आता तेही दाराबाहेरूनच परत जाणार की काय?

मुलीला याची काही कल्पना नव्हती. फोनवर तिची तक्रार वेगळीच. "बाबा, मागच्या रविवारी मी सांगितलं यांना ताप आहे, तर तुम्ही म्हणालात छान छान!"

"बरं बरं," बँडवाले म्हणाले.

"बघा! आता काय बरं? ते काही नाही. कानाचं यंत्र घ्यायचं. मी वेळ ठरवलीय, तिथे हा छान छानचा किस्साही सांगितलाय. जायचं म्हणजे जायचं!"

यंत्र बसवणाऱ्या बाई मुलीच्याच वयाच्या. हळू बोलणाऱ्या, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधणाऱ्या. त्यांनी तपासण्या केल्या, वालाच्या दाण्याएवढी दोन यंत्रं कानांमागे अडकवली आणि विचारलं, "काका, कसं वाटतंय?"

"ओरडताय कशाला?" काका म्हणाले.

बाई हसल्या. रस्त्याने घरी येताना बँडवाल्यांना स्वतःची चप्पल ऐकू आली. खिशातल्या किल्ल्या ऐकू आल्या. घरात पाऊल टाकलं तर घड्याळ टकटक करत होतं, नळ ठिबकत होता, फ्रिज गुरगुरत होता. इतके दिवस घर गप्प होतं, ते कान गेल्यामुळे अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. आता कान आले आणि कळलं, ऐकण्यासारखं होतं तेवढंच होतं. घड्याळ, नळ, फ्रिज. बास.

त्यांनी चपलासुद्धा न काढता टेप लावली. पहिला तडाखा आला! झांजा, गिटारी, गर्दीतली कोणाची तरी शिवी, सगळं लखलखीत. बँडवाल्यांच्या अंगावर काटा आला. आणि मग कोणीतरी हळूहळू दार ओढून घ्यावं तसा आवाज मागे मागे गेला. गाणाऱ्याचं पहिलं किंचाळणं पुरं होईतो सगळं शेजारच्या खोलीत जाऊन बसलं. त्यांनी टेप थांबवली, पुन्हा लावली. पुन्हा तोच प्रकार. दोन क्षण दर्शन आणि पडदा. यंत्र काढलं तर गादी झोडपणं. यंत्र घातलं तर कुजबुज. चुकण्याची जागा अधल्यामधल्या कुठल्याशा फटीत पडली होती.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीच ते बाईंच्या पायरीवर हजर.

"बोलणं ऐकू येतंय ना काका?"

"बोलायला आहे कोण घरात? माझी टेप ऐकू येत नाही."

बाईंनी समजावून सांगितलं. बोलणं कुठलं आणि गोंगाट कुठला, हे ओळखायला यंत्राला शिकवलेलं असतं. एकसारखा मोठा दणका येत राहिला की यंत्राला वाटतं, हा गोंगाट. त्रास नको म्हणून ते तो दाबून टाकतं.

बँडवाल्यांचे खांदे हलायला लागले. बाई घाबरल्या, रडतायत की काय म्हणून.

"म्हणजे एवढं महागाचं यंत्र," ते हसू आवरत म्हणाले, "आमच्या हिच्याच पार्टीतलं निघालं!"

"तुम्ही उद्या तुमची टेप घेऊन या," बाई म्हणाल्या. "संगीतासाठी वेगळी जोडणी करून देते. जुनी गाणी आहेत का?"

"जुनीच म्हणायची."

रात्रभर त्यांना धड झोप नव्हती. बाईंसमोर टेप लावायची म्हणजे चारचौघांत सदरा काढण्यासारखं. आजवर शेजारी बसून हे पुरं ऐकलेलं माणूस नाही. मुलगी एका गाण्यात उठून गेली होती. मेहुण्याने तर कानावर हात ठेवून सांगितलं होतं, "भावजी, एवढा राग कोणावर आहे?"

सकाळी टेपरेकॉर्डर टॉवेलात गुंडाळून ते आले. बाईंच्या टेबलावर त्याला जागा केली. बटण दाबलं आणि बाईंच्या डोक्यावरचा चष्मा नाकावर आला.

"काका! बिघडलंय का हे?"

"नाही. असंच आहे."

"असंच आहे?"

"असंच."

बाईंनी एक मोठा श्वास घेतला आणि कामाला लागल्या. संगणकावर रेघा वर करायच्या, खाली करायच्या, पुन्हा पहिल्यापासून टेप लावायची. "आता? झांजा येतात?" "येतात, पण पत्र्याच्या वाटतात." "आता?" "आता गाणारा विहिरीत पडला." "काढते वर. आता?" बाहेर बाकावर बसलेल्या एका आजोबांनी काचेवर टकटक करून आत सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारलं.

"आता नीट ऐका ताई," बँडवाले एकाएकी म्हणाले. "दुसरं किंचाळणं झालं की ड्रमवाला चुकतो. तेवढं मला सापडलं की झालं. बाकी काही नको."

बाईंनी हात रेघांवरून काढला. दोघं टेबलाच्या दोन बाजूंनी वाकून बसली. पहिलं किंचाळणं. गिटारी. दुसरं.

"चुकला!" बाई म्हणाल्या. बँडवाल्यांच्या आधी म्हणाल्या.

"आणि कोणी थांबत नाही बघा," ते म्हणाले.

"हो की!"

यंत्राच्या छोट्या बटणावर दोन जोडण्या ठेवून बाईंनी समजावलं. "एक नंबर बोलण्यासाठी, दोन नंबर तुमच्या या बँडसाठी. रविवारी लेकीचा फोन आला की आठवणीने एकवर या, नाहीतर तिच्या नवऱ्याच्या तापाला पुन्हा छान छान म्हणाल."

रेकॉर्डर टॉवेलात गुंडाळताना बँडवाल्यांनी न राहवून विचारलं, "कसं वाटलं?"

"खोटं नाही बोलत काका, डोकं उठलं," बाई म्हणाल्या. "पण तो ड्रमवाला आता माझ्या डोक्यातून जायचा नाही."

तेवढं पुरलं. घरी येईपर्यंत ते वाक्य त्यांनी खिशातल्या किल्ल्यांसारखं चाचपून पाहिलं. या एवढ्या शहरात ती जागा माहीत असलेलं आता आणखी एक माणूस होतं.

संध्याकाळी चहा झाला. दोन नंबर लावून ते आपल्या खुर्चीत बसले. बँड पुरा आला, चौघेही, घामासकट. दुसरं किंचाळणं झालं आणि ड्रमवाला स्वच्छ, ठसठशीत चुकला.

"चुकला," बँडवाले म्हणाले आणि पाठ टेकली.

गाणं पुढे गेलं. दुसरं लागलं, तिसरं लागलं. आवाज भरपूर होता, हवा तेवढा, आणि तो कमी करायला कोणी आलं नाही. इतकी वर्षं हेच तर हवं होतं त्यांना! चौथ्या गाण्याला त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली आणि तिथेच राहिली. मग त्यांनी बोटाने एक नंबर लावून पाहिला. दार ओढल्यासारखा आवाज मागे गेला. टेप पुन्हा पहिल्यापासून लावली. यंत्राने पहिलं किंचाळणं संपायच्या आतच सगळं दाबून टाकलं.

नाही. ती एवढ्या लवकर येत नसे.

त्यांचा हात तसाच राहिला. ती कधी यायची? चहाचं आवरून झालं की, असं ते धरून चालले होते. पण आवरायला कधी वेळ लागायचा, कधी नाही. एकेक संध्याकाळ त्यांनी आठवून पाहिली. ते "चुकला" म्हणायचे, पाठ टेकायचे, आणि मग आतून तिची चाहूल यायची. त्याआधी आली, असं एकदाही आठवेना. ड्रमवाला चुकेपर्यंत ती आत उभी राहायची. भाजीवर झाकण ठेवून, हातात टॉवेल घेऊन, वाट बघत.

"अगं," बँडवाले रिकाम्या दाराला म्हणाले, "मग सांगायचं नाहीस का?"

नळ ठिबकत होता. त्यांनी टेप मागे घेतली, दोन नंबर लावला आणि पहिल्यापासून सुरू केलं. पहिलं किंचाळणं. गिटारी. दुसरं. एक ठोका गळला.

"चुकला," ते म्हणाले. थोडं थांबले, स्वयंपाकघरातून खुर्चीपर्यंत यायला लागेल तेवढंच. मग कानामागे बोट नेऊन त्यांनी एक नंबर दाबला, आणि आवाज हळूहळू खाली आला.