शेराचा चीक

लग्न होऊन साताऱ्याहून सांगलीला आले, तेव्हा माझ्या सामानात डालड्याचे सात डबे होते. कोरफड, पानफुटी, चार जातींचे निवडुंग आणि बिनपानांच्या हिरव्या फांद्यांचा एक शेर. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्षच झालं होतं. त्या कोरड्यातही ही झाडं माझ्या हाताखाली तगली होती, म्हणून ती माहेरी ठेववेनात. "दारात काटं कशाला?" एवढंच सासूबाई म्हणाल्या. मी डबे गच्चीवर नेले.

धाकट्या नणंदेला मात्र त्यांचं वेड लागलं. शेर फार उंच होऊन कलला होता. एका दुपारी तिनं डबा धरला आणि मी फांद्या तोडायला घेतल्या. एक फांदी काडकन मोडली आणि पांढरा चीक उडून थेट तिच्या उजव्या डोळ्यात गेला.

ती किंचाळली. सासूबाई धावत वर आल्या, मागोमाग शेजारच्या काकू. "तूप घाला डोळ्यात," काकू म्हणाल्या. मी कुणाचं ऐकलं नाही. तिला खाली नेऊन तिचं डोकं मोरीत धरलं आणि तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिले. डोळा सुजून मिटला होता.

"कुणी तोडलं ते?" सासूबाईंनी विचारलं.

"मीच," नणंद कण्हत म्हणाली.

मी ते खोडलं नाही, पुढचा तांब्या भरला. चारच दिवसांनी इस्लामपूरची मंडळी तिला बघायला यायची होती.

मिरजेच्या डॉक्टरांनी डोळा तपासून औषध घातलं, पट्टी बांधली. "बुबुळाला इजा झालीय. दृष्टीचं आत्ताच सांगता येणार नाही." येताना बसमध्ये ती माझा हात घट्ट धरून बसली होती. तिनं माझा हात धरावा, हेच मला सोसत नव्हतं.

पाहुण्यांना आत्ता येऊ नका असा निरोप गेला. ते पुढेही आलेच नाहीत. रोज पट्टी बदलताना मी तिच्यासमोर बोटं धरायची आणि ती म्हणायची, "धुरकट दिसतंय, वहिनी."

आठव्या दिवशी तिनं बोटं बरोबर मोजली. मी तशीच स्वयंपाकघरात सासूबाईंकडे गेले.

"आत्या, शेर मी तोडत होते. वन्सं खोटं बोलल्या."

सासूबाई भाकरी थापत होत्या. हात थांबले नाहीत. "ठावं हाय मला. चीक तुज्या हाताला व्हता, तिच्या न्हाई."

"मग बोलला का नाही?"

"तू कवा बोलतीस, ते बघत व्हते."

मला रडू कोसळलं. त्यांनी समजूत घातली नाही, भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "तेवढा शेर टाकून ये. बाकीची ऱ्हाऊ दे."

हाताला फडकी गुंडाळून मी तो डबा गावाबाहेर नेला आणि खड्डा करून पुरला. पुढे महिनाभर मला गच्चीवर जाववेना. कमी पाण्यावर जगणाऱ्या त्या झाडांना पाणी नणंदच घालायची, तेही रोज. पानफुटी मुळापासून कुजली, तरी मी नणंदेला काही म्हणाले नाही.